सतरावा उमेदवार

(फ्रीमाँट येथे आपल्या मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



सुरुवात एका कबुलीनं करते. २०१२ साली मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्व नुकतंच मिळालं होतं. मतपत्रिका टपालानं घरी आली तेव्हा नवऱ्यानं तिचा फोटोसुद्धा काढला. राष्ट्राध्यक्षपदापुढे मी ठळक खूण केली. मग पत्रिका उलटली, तर मागे शहराची कौन्सिल, शाळांचं बोर्ड, पाणी खातं, उद्यानं अशी नावांची रांग. एकही नाव ओळखीचं नव्हतं. ती सगळी बाजू मी कोरी सोडली, पाकीट चिकटवलं आणि मोठं राष्ट्रीय कर्तव्य बजावल्याच्या समाधानात चहा टाकला.

इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी असं केलंय ते हात वर करून सांगू नका, संयोजकांना संकोच वाटेल.

त्या कोऱ्या बाजूबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठी तुम्हाला ११० वर्षांहून मागे, १९०७ च्या मुंबईत नेते. शहराच्या एका निवडणुकीची गोष्ट आहे. तिच्यात नायक आहे, कारस्थान आहे, कोर्टकचेरी आहे आणि शेवट गोडही आहे. पण मला ती सांगायची आहे ती तिच्यात जे लोक अजिबात दिसत नाहीत त्यांच्यासाठी.

१८८८ च्या कायद्यानं मुंबई महापालिकेचे ७२ सभासद ठरवले होते. त्यातले ३६ कर भरणाऱ्यांनी वॉर्डांमधून निवडायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस म्हणजे जे.पी. मंडळींनी निवडायचे, १६ सरकारनं नेमायचे, आणि उरलेले चार विद्यापीठाचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्स यांनी दोन-दोन पाठवायचे. जे.पी. कोण होणार हे सरकारच ठरवत असे. म्हणजे त्या १६ जागांवर निवडणूक व्हायची खरी, पण मतदार सरकारच्या पसंतीचे.

या पालिकेवर अनेक वर्षं वजन होतं ते सर फिरोजशहा मेहता यांचं. १८७२ आणि १८८८ या दोन्ही कायद्यांच्या घडणीत त्यांचा हात होता. १८८४, १८८५ आणि पुन्हा १९०५ साली ते पालिकेचे अध्यक्ष झाले. सभागृहात ते उभे राहिले की इंग्रज अधिकारीसुद्धा कागद चाळायला लागत. स्वभावानं हुकमी, कपडे झोकदार, आणि सरकारची भीड अजिबात नाही. साहजिकच अनेकांच्या डोळ्यांत ते सलत होते.

१९०७ च्या निवडणुकीत काही बड्या इंग्रजांनी ठरवलं की हा माणूस घालवायचा. पुढाकार कोणाचा, तर अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांचा. इतिहासात या कंपूला ‘कॉकस’ असंच नाव पडलं आहे. त्यांची युक्ती साधी होती. फिरोजशहा जे.पीं.च्या जागांमधून निवडून येत. त्या १६ जागांसाठी १६ नावांची एक यादी करायची, जे.पी. मतदारांमध्ये तिचा कसून प्रचार करायचा आणि ठरलेली मतं फुटू द्यायची नाहीत. सरकारच्या मर्जीनं जे.पी. झालेल्या माणसाकडे सरकारी अधिकारीच, त्यातही पोलीस कमिशनर, मत मागायला आल्यावर तो काय करणार हे तुम्हीच ठरवा. वर त्यांचा दावा असा, की शहराला एका माणसाच्या हुकमतीतून सोडवण्यासाठी आम्ही हे करतो आहोत.

निकाल लागला. जागा १६ आणि फिरोजशहांचा क्रमांक सतरावा.

शहरात खळबळ उडाली. सरकारी अधिकाऱ्यांनी निवडणुकीत हात घातला म्हणून निषेधाच्या सभा झाल्या. आणि मग कायद्याचं एक कलम मदतीला आलं. निवडून आलेल्या सोळांमधले सुलेमान अब्दुल वाहेद यांचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध होता, आणि अशा माणसाला सभासद होता येत नसे. प्रकरण स्मॉल कॉजेस कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे गेलं. वाहेद यांची निवड रद्द झाली आणि सतरावे फिरोजशहा सोळावे होऊन पालिकेत परतले. आज पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. व्हीटीला उतरून तुम्ही सगळे त्याच्या समोरून शेकडो वेळा गेला असाल. १९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल काढलं. एकच मोठं वर्तमानपत्र विरोधकांच्या हातात असलं की काय होतं, हे त्यांना १९०७ नं शिकवलं असणार असा माझा अंदाज आहे.

गोष्ट म्हणून इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचा डाव फसला. पण मला एक प्रश्न छळतो. या सगळ्या धामधुमीत माझे लोक कुठे होते?

माझे आजोबा गिरणी कामगार. लालबागला चाळीत एक खोली. त्यांच्या आधी गावचे कोण कोण येऊन त्याच खोलीत राहून गेले होते. १९०६ साली मुंबईची लोकसंख्या ९ लाख ७७ हजारांवर होती. त्यात सुमारे निम्मे लोक मराठी बोलणारे. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर भागांतून आलेले गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत राबत होते. १८९६ पासून प्लेगनं सगळ्यात जास्त माणसं नेली ती याच वस्त्यांतून. नळ, गटार, शौचालय, दवाखाना, प्राथमिक शाळा ही पालिकेची सगळी कामं ज्यांच्या जिवाशी होती, ते हे लोक. आणि १९०७ च्या मतदारयादीत ते नव्हते.

का नव्हते? वॉर्डातलं मत कर भरणाऱ्याला होतं, आणि मुंबईच्या कायद्यानं मालमत्तेवरच्या कराची पहिली जबाबदारी घरमालकावर टाकली होती. भाडेकरू भाडं भरतो, त्या भाड्यातूनच मालक कर भरतो, पण पावती मालकाच्या नावानं फाटते. म्हणून मत मालकाला. वीस खोल्यांच्या चाळीत वीस बिऱ्हाडांनी कर भरायचा आणि नागरिक मात्र एकच.

आता कोणी म्हणेल की तो काळच तसा होता. मी याच शंकेसाठी थोडं वाचलं आणि मला वेल्स सापडलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंटी कौन्सिल ज्या कायद्यानं स्थापन झाल्या तोही १८८८ चाच. वर्ष तेच, राणी तीच. पण तिथे घरात राहणारा कुटुंबप्रमुख, मग तो भाडेकरू का असेना, कौन्सिलचा मतदार होऊ शकत होता. म्हणजे दगडाच्या खाणीतला किंवा कोळशाच्या खाणीतला वेल्श कामगार, भाड्याच्या घरात राहूनही, मत देत होता. कर भरणाऱ्या अविवाहित स्त्रिया आणि विधवासुद्धा देत होत्या.

आणि त्या मताचं त्यांनी काय केलं पाहा. १९०२ च्या शिक्षण कायद्यानं चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसे द्यायचे ठरलं. वेल्समधली बहुसंख्य जनता या सरकारी चर्चची नव्हती, ती आपापल्या साध्या चॅपलमध्ये जाणारी. आमच्या करावर त्यांच्या शाळा का, असा सवाल उठला. लॉइड जॉर्ज यांनी तो उचलला आणि मार्च १९०४ ची काउंटी कौन्सिलची निवडणूक त्याच एका मुद्द्यावर लढवली गेली. वेल्सच्या १३ पैकी १३ काउंट्यांमध्ये कायद्याच्या विरोधकांना बहुमत मिळालं. लंडनच्या सरकारला त्यांना वठणीवर आणण्यासाठी त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. १९०७ साली शिक्षण खात्यात वेल्ससाठी स्वतंत्र विभाग निघाला. त्याच १९०७ साली इंग्लंड-वेल्समध्ये स्त्रियांना काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत उभं राहण्याचा हक्क मिळाला.

तेव्हा ‘काळ तसा होता’ हे उत्तर पुरं पडत नाही. एकाच वर्षी, एकाच सत्तेखाली दोन कायदे झाले. एकानं घरात राहणाऱ्याला नागरिक मानलं, दुसऱ्यानं घराच्या मालकाला. हा फरक कोणीतरी केलेला होता, आणि म्हणून तो कोणीतरी बदलूही शकत होतं.

आणि इथे फिरोजशहांबद्दल थोडं कडू बोलायला हवं. ते सरकारशी निर्भयपणे लढले यात शंका नाही. पण भाडेकरूला मत ही काही त्यांची लढाई नव्हती. सरकारनं नेमलेल्या जे.पीं.नी निवडायच्या जागेवर ते वर्षानुवर्षं आरामात निवडून येत होते. त्याच दारानं एक दिवस दगा दिला तेव्हा अन्याय झाला असं सगळ्यांना वाटलं. तो झालाही. पण ते दार मुळातच किती अरुंद आहे हा प्रश्न मागेच राहिला. आपल्यापर्यंत येणारी वाट मोकळी असेपर्यंत ती इतरांना बंद आहे हे आपल्यालाही कुठे दिसतं?

ज्यांना मत नव्हतं ते मुके होते असं मात्र समजू नका. २२ जुलै १९०८ ला मुंबईच्या हायकोर्टानं लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि गिरणगाव बंद पडलं. सहा वर्षांना सहा दिवस असा तो संप. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. दूर युरोपात बसलेल्या लेनिननं त्याची दखल घेऊन लिहिलं. मतपेटीपर्यंत वाटच नसेल तर माणसं रस्त्यावरून बोलतात. पण त्याची किंमत त्यांना जिवानं द्यावी लागते.

पुढचा बदल हळूहळू झाला. १९२२ साली मुंबईत महिना १० रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं. कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार यादीत आले. गिरणगावातल्या एका खोलीचं भाडं बहुतेक ठिकाणी त्याहून कमी, त्यामुळे आजोबा बाहेरच. १९२३ मध्ये पहिल्या काही स्त्रिया पालिकेत पोचल्या. त्यात सरोजिनी नायडू होत्या आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. अवंतिकाबाई म्हणजे चंपारणला गांधीजींबरोबर खेड्यात जाऊन काम केलेल्या, १९१८ साली मराठीत गांधीचरित्र लिहिणाऱ्या, गिरगावच्या बाई. त्यांनी पालिकेत बाळंतपणाच्या सोयींचा, बायका-मुलांच्या आरोग्याचा विषय लावून धरला. तो इतका उघड विषय आधीच्या कर्तबगार पुरुषांना का सुचला नव्हता? कारण त्यांच्या घरातल्या बाळंतिणींना पालिकेच्या खाटेची गरज नव्हती. सभागृहात कोण बसतं त्यावर कोणता प्रश्न ‘प्रश्न’ ठरतो हे अवलंबून असतं.

प्रत्येक प्रौढ माणसाला मत, या तत्त्वावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली १९४८ मध्ये. आमच्या घरात सांगतात की आजोबा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून, आजीला बरोबर घेऊन गेले होते. १९०७ पासून मोजलं तर ४१ वर्षं लागली.

मत मिळालं की सगळं मिळतं असंही नाही. महाडचं उदाहरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण ते नगरपालिकेचं उदाहरण आहे हे आपण विसरतो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागद तयार, पाणी मात्र मिळेना. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. स्थानिक संस्था हे चिमुकलं सरकार असतं. ते जवळ असतं, म्हणून प्रेमळ असेलच असं नाही. शेजारी जितका दुष्टावा करू शकतो तितका दिल्लीचा साहेब करू शकत नाही.

आता आपल्या या किनाऱ्यावर येऊ. मुंबईत कॉकस चालली होती त्याच महिन्यांत इथून तासाभराच्या अंतरावर काय चाललं होतं? ऑक्टोबर १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा बोर्डानं हुकूम काढला, की जपानी मुलांनी आशियाई मुलांच्या वेगळ्या शाळेत जावं. मुलं सगळ्या शहरात मिळून शंभरसुद्धा नव्हती. जपाननं निषेध केला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं, आणि १९०७ च्या सुरुवातीला जपानमधून येणाऱ्या मजुरांवर बंधनं घालण्याच्या बदल्यात बोर्डानं हुकूम मागे घेतला. एका शहराच्या शाळा बोर्डानं दोन देशांचे संबंध हलवले. आणि आपण त्या बोर्डाच्या नावापुढची जागा कोरी सोडतो!

१९२३ साली, मुंबईत अवंतिकाबाई पालिकेत गेल्या त्याच वर्षी, इथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. तो दरवाजा उघडला १९४६ ला. दिलीपसिंग सौंद १९४९ च्या अखेरीस नागरिक झाले, १९५० साली वेस्टमोरलंड नावाच्या गावात न्यायाधीश म्हणून निवडूनही आले, पण नागरिकत्वाला वर्ष पुरं नाही म्हणून ती जागा मिळाली नाही. १९५२ ला ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले, आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. सुरुवात गावापासूनच झाली.

आपलं फ्रीमाँट हे शहरही त्याच १९५६ चं. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होसे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावं एकत्र येऊन ते झालं. २०२० च्या जनगणनेत आपण २ लाख ३० हजारांवर होतो. २०१८ पासून कौन्सिलचे सभासद सहा विभागांमधून निवडले जातात. म्हणजे एकेका जागेचा फैसला काही हजार मतांवर होतो. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसलेल्या लोकांनी मनावर घेतलं तर फरक पडेल इतकी ती लहान निवडणूक आहे.

आणि विषय लहान नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या कौन्सिलनं सहा विरुद्ध एक मतांनी सार्वजनिक जागेवर तंबू टाकून राहण्यावर बंदी घातली. दंड हजार डॉलरपर्यंत, तुरुंग सहा महिन्यांपर्यंत. मूळ मसुद्यात असंही कलम होतं, की अशा लोकांना साथ देणाराही गुन्हेगार. बेघरांना जेवण, पांघरूण, औषधं नेणाऱ्या संस्थांनी आवाज उठवला, देशभर बातमी झाली आणि मार्चमध्ये ते कलम काढलं. बंदी मात्र राहिली. या विषयावर आपल्यात मतभेद असतील, असू द्यात. उद्यानात मुलांना नेणाऱ्या आईची भीती खोटी नसते. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ते कलम काढायला लावणाऱ्या लोकांमध्ये आपण किती होतो? ज्याच्या नावावर घर नाही तो नागरिक नाही, हा १८८८ चा मुंबईचा नियम आपण इथे, न बोलता, पुन्हा मान्य करतो आहोत का?

दुसरा विषय आपल्या अधिक जवळचा आणि म्हणून अधिक अवघड. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलच्या सिटी कौन्सिलनं जातीवरून भेदभावाला बंदी घातली. देशात असं करणारं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आपल्याच भागाच्या सिनेटर आयेशा वहाब यांनी तसं विधेयक आणलं, दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी नकाराधिकार वापरला. आपल्या समाजात त्या काळात काय बोललं गेलं ते आठवा. “इथे कुठे आली जात?” असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारलं, की महाडच्या नगरपालिकेतल्या सवर्ण सभासदांना तरी कुठे वाटत होतं की आपण काही चूक करतोय?

आता ज्यांच्याकडे मत नाही त्यांच्याविषयी. या हॉलमध्ये निम्मे लोक व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. काहींची मुलं इथल्या शाळेत बारावीपर्यंत पोचली, आणि आईवडिलांना शाळा बोर्डासाठी मत नाही. भाड्यातून कर भरतात, पावती दुसऱ्याच्या नावाची. ओळखीचं वाटतं ना? पण सॅन फ्रान्सिस्कोत, ज्या शहरानं १९०६ साली जपानी मुलांना वेगळं बसवलं त्याच शहरात, २०१६ साली लोकांनी कौल दिला आणि २०१८ पासून नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा बोर्डासाठी मत देता येतं. कोर्टातली आव्हानं पार करून तो नियम टिकला. म्हणजे दार रुंद करता येतं. ते फ्रीमाँटला करायचं की नाही यावर आपण एकदा नीट चर्चा करू या, अशी माझी सूचना आहे. आणि चर्चा करताना एक लक्षात ठेवू या. आपल्या एच-वन-बी भाच्यासाठी मत मागायचं, आणि आपलं घर झाडायला येणाऱ्या मेक्सिकन ताईचं नाव निघालं की गप्प बसायचं, असं चालणार नाही.

मतपत्रिकेची ती बाजू मी आता कोरी सोडत नाही. पण हे लिहून पाठवायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे हेही कबूल करते. कौन्सिलच्या बैठका लांबतात, पार्किंगच्या एका मुद्द्यावर तासभर जातो. गेल्या वेळी मी जांभया देत बसले होते. माझ्यापुढे एक म्हातारी चिनी बाई दुभाष्याला घेऊन तीन मिनिटं बसथांब्यावरच्या बाकाबद्दल बोलली. छापील कागद होता हातात, तो थरथरत होता. तिचं झाल्यावर मला माझ्या आजोबांचा धुतलेला सदरा आठवला.

फिरोजशहा सतरावे आले तेव्हा त्यांच्यासाठी अख्खं शहर उभं राहिलं. त्यांच्या मागे, अठराव्या क्रमांकापासून पुढे लाखभर माणसं उभी होती. त्यांची मोजणीच झाली नव्हती. आपल्या शहरात त्या जागी आज कोण उभं आहे, ते पुढच्या महिन्यात आपण शोधू या. ज्यांना कौन्सिलच्या बैठकीला यायचं असेल त्यांनी चहाच्या टेबलापाशी मला नाव द्यावं. गाडीत चार जागा आहेत.